कप्तानाला मारणारे लेखकराव

लेखकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. टीव्हीवर मालिका गाजली की तिची कादंबरी करून द्यायची हा त्यांचा धंदा, म्हणून छापखान्यात सगळे त्यांना लेखकराव म्हणायचे, निम्मं कौतुकानं आणि निम्मं खवचटपणे. संहिता त्यांच्या हाती आधीच यायची. शेवटचा भाग झाला की दुसऱ्या सकाळी पुस्तक दुकानात हजर. मी तिथे बायंडिंगला होतो. त्यांची पुस्तकं मी वाचली कमी, शिवली जास्त.

माणूस अंगानं काडी. कुणी मोठ्यानं शिंकलं तरी दचकायचा. पण लिहायला बसला की रक्ताचे पाट! एका घरगुती मालिकेतल्या सासूला तर त्यांनी संहितेत नसताना जिन्यावरून ढकलून ठार केलं होतं. मालकांनी जाब विचारला, तर म्हणाले, "पानं भरत नव्हती हो."

मग ती कप्तानाची मालिका आली. एक दूरचा ग्रह. तिथे घरोघरी भिंतभर पडदा, आणि तो चालू राहावा म्हणून रोज घरातल्या एकाचं वाटीभर रक्त त्याला पाजायचं. लोक हौसेनं पाजतात, कारण पुढं काय होतं ते बघायचं असतं ना! कप्तान बाहेरून येतो, कुऱ्हाडीनं पडदे फोडत सुटतो आणि शेवटी लोक त्यालाच फाडून टाकतात.

"हे आपल्यावरच आहे रे," लेखकराव मला म्हणाले. "लोक वाचतील आणि लाजतील."

"लेखकराव, तुम्ही लोक पाहिलेत का कधी?" मी म्हटलं.

कप्तानाच्या वेळेला रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. न्हावी गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून टीव्हीकडे वळायचा आणि गिऱ्हाईक हूं की चूं करायचं नाही, तेही तिकडेच बघत असायचं.

घोळ केला पुस्तकवाल्यानं. विक्रीच्या हावेपायी त्यानं शेवटच्या भागाच्या दिवशी दुपारीच गठ्ठे फोडले. पहिलं गिऱ्हाईक कोण, तर लेखकरावांचा सख्खा मेव्हणा, वेल्डिंगवाला. आणि पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान उघडायचं, ही तर सगळ्यांचीच खोड.

संध्याकाळी छापखान्याचं दार सळयांनी फुटलं. पुढे मेव्हणा, मागे अख्खी गल्ली. शाईचे डबे उडाले, कागदाची रिळं फाटली, मालकांचं कपाळ फुटलं. माझ्याही पाठीत दोन सणसणीत बसल्या. लेखकरावांना टेबलाखालून पायाला धरून ओढून काढलं.

"दाजी, कप्तानाला का मारलंत?"

"मी नाही रे मारला! संहितेतच मरतो तो."

"ती सासूही संहितेतच पडली होती का?"

मेव्हण्यानं सळई उचलली आणि त्यांच्या उजव्या मनगटावर घातली. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

"ह्याच हातानं लिहिलंत ना?"

माझ्याच बायंडिंगच्या सुतळीनं त्यांना खुर्चीला बांधलं आणि मालकांच्या खोलीतला टीव्ही आणून समोर ठेवला. मेव्हणा म्हणाला, "आता आपण सगळे बघू. कप्तान जगला तर तुम्ही सुटलात. मेला तर तुम्हीही मेलात. ताईची समजूत मी घालीन."

शेवट काय आहे ते त्या खोलीत एकट्या लेखकरावांना पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात लेखकरावांच्या घरून वहिनी आल्या, हातात भाजीची सुरी घेऊन. आल्या आल्या भावाच्या नाकावर कोपर हाणलं. रक्ताची धार लागली.

"मेल्या, माझ्या नवऱ्याला बांधतोस?"

त्या सुतळी कापू लागल्या. निम्मी कापली असेल नसेल, मालिकेचं संगीत वाजलं. वहिनींचा हात जागच्या जागी थांबला.

"अगं, काप की!"

"थांबा हो. सुरू झालं."

पडद्यावर लोक कप्तानाच्या अंगावर पडले. एकानं हात उपटला, एकानं डोळा. छापखान्यात हुंदके फुटू लागले. मेव्हणा नाकातलं रक्त आणि डोळ्यांतलं पाणी एकाच बाहीला पुसत होता. लेखकराव बायकोच्या थिजलेल्या सुरीवर सुतळी घासत होते, मोडक्या हातानं, ओठ चावून. कप्तानानं मान टाकली. मेव्हणा सळई घेऊन सावकाश उठला.

"दाजी..."

"कुठेही जाऊ नका!" टीव्ही म्हणाला. "कप्तानाच्या जुळ्या भावाची कहाणी, आत्ता, लगेच!"

मेव्हणा उभ्याचा खाली बसला. सळई मांडीवर. सुतळी तुटली. लेखकराव उठले, आणि दाराकडे जायला टीव्हीपुढूनच वाट होती.

"ओ दाजी, बाजूला! दिसत नाही!"

ते वाकून निघाले. दारात मी त्यांना खांद्याचा आधार दिला आणि दवाखाना गाठला. डॉक्टरही टीव्हीपुढेच. मान न वळवताच त्यांनी मनगट चाचपलं आणि हाड खसकन ओढलं. ते अर्थातच वाकडं बसलं, कायमचं.

"फार दुखतंय का, लेखकराव?" मी विचारलं.

हा जुळा भाऊ त्यांच्या संहितेत नव्हता. पुढं काय होणार, हे त्यांना जन्मात पहिल्यांदाच ठाऊक नव्हतं.

"गप रे जरा," ते म्हणाले. "ऐकू दे."