उमरठच्या राबात भाजायला नेलेली गाडगी

नागोठण्याच्या कुसुमताई, गुडघा काय म्हणतोय? जिना टाळा हो. साताऱ्याचे विनायकराव, खोकला गेला की अजून घर दणाणून सोडताय? चिपळूणच्या स्मिता, बाळाला दात आले का? तुम्हा सगळ्या वाचकांची पत्रं पोचली. माझी तब्येत ठणठणीत आहे, डोकं तेवढं फिरलंय. का ते सांगतो.

महाडच्या आमच्या घरामागची पडवी हा माझा कारखाना. दासगावहून माती आणायची, चाळायची, मळायची आणि हातानेच थापून दह्याची गाडगी करायची. गुरू कोणी नाही. तडा गेला की शिकायचं. सगळा हिवाळा तडेच गेले. यंदा पहिल्यांदाच टोपलीभर गाडगी धड वाळली. पण भाजायची कुठे? अंगणात जाळ केला की शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे धुरकटतात, आणि मग आमच्या हिचं तोंड सुरू होतं.

म्हणून धाकट्या बहिणीकडे, शेवंतीकडे, उमरठला निघालो. पावसाआधी तिकडे राब भाजतात: भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, पाला, गवत रचून वर माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. त्या धगीत माझी गाडगीही भाजून निघतील, असा हिशेब. हे वर्षातून एकदाच. हुकलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बसा.

महाड डेपोतून पोलादपूरला एसट्या भरपूर. पुढे उमरठची गाडी मात्र मोजकीच, स्टँडवर विचारूनच वडापाव खायला जा. मी न विचारता गेलो आणि गाडी गेली. पुढची येईपर्यंत टोपली मांडीवर. मागच्या सीटवर बसलो ही दुसरी चूक. प्रत्येक खड्ड्याला टोपलीसकट उडत होतो.

कंडक्टर म्हणाला, "आजोबा, तुम्ही पंच्याहत्तरीच्या वर, तुम्हाला फुकट. टोपलीचं वय किती?"

"आतली गाडगी अजून भाजायची आहेत. हळू घ्यायला सांगा त्या ड्रायव्हरला!"

शेवंतीने तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कैरीची चटणी वाढली. उमरठला नरवीरांची समाधी बघायला येणाऱ्यांनो, असं जेवण हॉटेलात नाही, एखादी बहीण शोधा. जेवून मी दाजींबरोबर, म्हणजे तिच्या नवऱ्याबरोबर, राबाची जागा बघायला गेलो. गाडगी ओटीवर ठेवली होती. त्यांना गेरूचा हात दिलेला, त्यामुळे दिसायला अगदी भाजल्यासारखी.

परत आलो तर टोपली रिकामी, आणि हौदात लाल पाणी.

"शेवंते! काय केलंस गो?"

"काय म्हंजे? नवी गाडगी भिजत घातली. आयनं शिकवलंय, नवं मडकं रातभर पान्यात ठेवावं."

"भाजलेलं, गो, भाजलेलं! ही कच्ची होती!"

"मंग सांगायचं नाय? कच्ची गाडगी घेऊन कोन पावना येतो?"

दाजींनी हौदात हात घालून ढवळलं. "नाय, एकपन नाय ऱ्हायलं. चिखुल पन मऊ झालाय हां."

मी कपाळाला हात लावला. शेवंती रडवेली झाली, तर तिलाच समजवायची वेळ माझ्यावर. हौदात स्वतः बघावं म्हणून चष्मा काढायला खांद्याच्या पिशवीत हात घातला आणि थबकलो. काचेला धक्का लागू नये म्हणून चष्मा मी एका लहानशा गाडग्यात ठेवला होता. ते तेवढं कोरडं!

राबाच्या एका कोपऱ्यात ते ठेवून चहूबाजूंनी शेण्या, म्हणजे गोवऱ्या, रचल्या. दाजींनी वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवलं, म्हणजे आग सावकाश सरकते. सकाळी राख उकरली. एक गाल लाल, एक काळा; टिचकी मारली तर खणकन वाजलं. शेवंतीने माझ्यादेखतच ते पाण्यात बुडवलं. आम्ही तिघंही वाकून बघत राहिलो. विरघळलं नाही.

ते तिलाच ठेवलं. मी हौदातला गाळ बादलीत भरून निघालो. भिजलेली माती पुन्हा थापता येते. नेमका तोच कंडक्टर.

"आजोबा, जाताना मडकी, येताना चिखल?"

मी बादली मांडीवर घेतली आणि या वेळी पुढच्या सीटवर बसलो.

घरी हिने बादली बघितली आणि सरळ पडवीकडे बोट दाखवलं. दोन दिवसांनी शेवंतीचा फोन. "दादा, दही असं लागलंय, गाडगं उपडं केलं तरी पडत नाय!"

"उपडं कशाला केलंस गो!"

पण खरं सांगतो, तेव्हापासून पडवीत बसून त्याच गाळाची गाडगी थापतोय. उमरठचा राब मात्र भाजून झाला. तेव्हा मंडळी, तुमच्यापैकी कुणाकडे राब पेटवायचा राहिला असेल, तर लगेच चार ओळी लिहा. आभाळ भरून यायला लागलंय. आणि घरातल्यांना आधीच सांगून ठेवा, गाडगी कच्ची आहेत.