नातवाच्या नावावर

वाद्यांच्या दुकानात मी कलिंबा हातात घेतला. छोटीशी लाकडी पेटी, तिच्यावर लोखंडी पट्ट्या. अंगठ्याने एक पट्टी दाबून सोडली, तर वाटीला चमचा लागावा तसा नाजूक स्वर निघाला.

"नातवासाठी का, काकू?" दुकानदाराने विचारलं.

"हो," मी म्हणाले. मला नातू नाही.

"मग हा साधाच घ्या. चुकलं तरी गोड वाजतो."

घरी स्वयंपाकघराचं दार लोटून वाजवायला बसले. साठीची बाई आणि हे खेळणं! स्वतःसाठी साडी घेतली तर कुणी कारण विचारत नाही. नुसत्या हौसेला मात्र कारण लागतं, आणि ते आपणच आधी शोधून ठेवतो. सा रे ग जमतंय तोच दार उघडलं. मी कलिंबा पदराखाली लपवला.

"काय वाजत होतं?" ह्यांनी विचारलं.

"मोबाइल."

माझा मोबाइल ह्यांच्याच हातात होता. तो द्यायलाच हे आत आले होते. माझे कान तापले.

"वाजव की," म्हणत हे खुर्ची ओढून बसले.

मी कलिंबा बाहेर काढला. पहिलीच पट्टी चुकली. लाजेने मान वर होईना, पण अंगठे काही थांबेनात.