अख्खी चादर

गल्लीत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. त्यांनी काढलेल्या नक्षीच्या चादरी कितीतरी घरांत अंथरलेल्या होत्या, पण आपली एकही नक्षी त्यांनी पडद्यावर अख्खी पाहिली नव्हती. जुन्या कॉम्प्युटरला ती पेलायचीच नाही. म्हणून त्या चादरीचे चार तुकडे करत. एक उघडून त्यात वेली, पाखरं काढत आणि उरलेले तीन डोळे मिटून बघत. तुकडे मग छापखान्यातली माणसं जोडून घेत.

आता छापखान्यात नवं यंत्र आलं होतं. ‘अख्खी नक्षी एकाच फाइलमध्ये द्या, नाहीतर काम दुसरीकडे जाईल,’ असा निरोप आला. नवा कॉम्प्युटर घ्यावा, तर वहिनींचा नक्षीचा प्रोग्रॅम त्यावर चालत नव्हता.

शेवटी धाकटे दीर आले. त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं, आणि हातापेक्षा तोंड जास्त चालायचं.

“या कॉम्प्युटरच्या पुस्तिकेत लिहिलंय, दोन जीबीच्या वर मेमरी चालणार नाही. मी चार घालतोय. जळला तर जेवायला बोलवायचं बंद करू नका.”

“जळला तर तुम्हालाच नक्षी काढायला बसवीन, भावजी.”

“मग झालं! लोक झोपेतून दचकून उठतील.”

“पण पुस्तिकेत लिहिलंय ते खोटं का?”

“खोटं नाही हो. लिहिलं तेव्हा मेमरीच्या एवढ्या मोठ्या पट्ट्या निघाल्याच नव्हत्या. लिहिणाऱ्यानं त्याला दिसलं तेवढं लिहिलं.”

ते वाक्य वहिनींच्या मनात कुठंतरी जाऊन बसलं.

दिरांनी नव्या पट्ट्या बसवल्या, बटण दाबलं. पडदा काळाच. त्यांनी पट्ट्या काढल्या, सोनेरी कडा खोडरबरानं घासल्या, पुन्हा खाचेत दाबल्या. टक्. पंखा घुमला. पडद्यावर फिकट निळा उजेड पसरला.

“चारातले सव्वातीनच दाखवतोय,” दीर म्हणाले. “जुनी सिस्टीम. पुढचं तिला मोजताच येत नाही.”

“तेवढे पुरे.”

वहिनींनी चारही तुकडे एकाच फाइलमध्ये जोडले, आणि अख्खी नक्षी उघडायला लागली. वरून खाली, पाण्यात काहीतरी हळूहळू वर येत जावं तशी. पानं आली, पाखरं आली. वहिनींनी खुर्ची पुढे ओढली. आणि अगदी मधोमध, चारही तुकडे भेटत होते तिथं, कोरी जागा.

प्रत्येक तुकड्याचा तो कोपरा त्यांनी शेजारच्या वेलीसाठी मोकळा सोडला होता. चारही वेळा. आजवरच्या प्रत्येक चादरीत मध्ये तेच एक जाडजूड फूल छापून यायचं. छापखान्यात कुणाला तरी ते आवडत असेल, असं त्यांना वाटायचं. ही कोरी जागा झाकायला तिथली माणसं ते घालत, हे आज कळलं.

“छापखान्याचं ते नेहमीचं फूल तिथं येऊ द्या नि पाठवून मोकळ्या व्हा,” दीर म्हणाले.

“नको. तिथंच तर माणूस निजतं.”

त्यांनी चारही बाजूंनी एकेक कोवळा शेंडा आत येऊ दिला, कूस बदलणाऱ्याला टोचणार नाही इतकाच. बाकी जागा तशीच राहू दिली. मग फाइल पाठवली. ती जाईपर्यंत दोघंही पडद्याकडे बघत राहिले, आणि दीर हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, या नक्षीची एक चादर मला ठेवा.”