धारच्या हळदीकुंकवाच्या बांगड्या

संक्रांतीचे वाण मोबाइलवरून मागवू नये, ते धारमधल्याच लहान दुकानांतून घ्यावे आणि बांगड्या भरायला रेहानाबींना सभागृहात बोलवावे, असा ठराव आमच्या महिला मंडळात मी मांडला. पुढे जे घडले त्याची सुरुवात माझ्यापासून झाली, हे आधीच सांगते. पंचवीस बायका दर महिन्याला भेटतात. किस्से साचायला आणखी काय लागते!

रेहानाबींचे बांगड्यांचे दुकान बंद पडायला आले होते. त्या मला म्हणाल्या होत्या, "दीदी, इस संक्रांत तक देखती हूँ। फिर ताला, और बेटी के घर इंदौर।"

*

देवासहून सासरी आलेली वसुधा आमची चिटणीस. ती म्हणाली, "बाई, दहा मिनिटांत ऑर्डर होते! माप चुकलं तर परत पाठवायचं."

मी तिला दुकानात नेले. रेहानाबींनी गल्ल्यावरूनच तिचे हात पाहिले. "सवा दो। पर उल्टे हाथ में जरा ढीली आएगी।"

वसुधाने घालून पाहिली. डाव्या हातात सैलच आली!

*

मंडळातल्या कुंदाने त्याच दुकानात भावावरून अर्धा तास हुज्जत घातली. रेहानाबींनी शांतपणे विचारले, "भाभी, मॉल में भी इतना ही लड़ती हो?"

रेहानाबींनी सांगितलेल्या भावातच कुंदाने बांगड्या घेतल्या. परतताना मला म्हणाली, "बाई, मॉलमध्ये मी कधी तोंडच उघडलेलं नाही हो."

*

तीळ आणि गूळ सिंधी दुकानदाराकडून घेतला. तो म्हणाला, "मॅडम, आप भी बाहर के, हम भी बाहर के।"

"आम्ही मराठी लोक धार संस्थानच्या काळापासून इथे आहोत," मी बजावले.

"तो क्या हुआ? आप जल्दी आ गए, हम जरा लेट हुए।"

मी शिक्षिका होते तेव्हा शाळेत उशिरा येणाऱ्यांना वर्गाबाहेर उभे करीत असे. इथे मात्र पिशवी उचलून मीच दुकानाबाहेर पडले.

*

ठरावाला विरोध होता तो ऐंशी वर्षांच्या नलिनीकाकूंचा. "बांगड्या आणा तिच्याकडच्या. पण आपल्या हळदीकुंकवात ती कशाला? मी हात पुढे करायची नाही!"

तरीही ठराव मंजूर झाला, आणि हळदीकुंकवाच्या दिवशी सभागृहात सगळ्यांच्या बांगड्या भरून झाल्या. काकू तेवढ्या कोपऱ्यात बसून राहिल्या. रेहानाबींनी त्यांच्या सुजलेल्या सांध्यांकडे पाहिले. "अम्माजी, काँच की पहने बहुत दिन हो गए ना? दुखा तो वहीं रुक जाऊँगी।"

काकूंनी हात पुढे केला. रेहानाबी त्यांना अमझेऱ्याच्या माहेराविषयी विचारत राहिल्या. बोलता बोलता दोन्ही हात भरले.

काकू उठल्या. त्यांनी दोन्ही खांद्यांवर पदर घेतला आणि त्या रेहानाबींच्या पायांशी वाकल्या.

रेहानाबी दचकून मागे सरकल्या. "अम्माजी, आप बड़ी हैं!"

काकू वाकलेल्याच. "मोठी आहे म्हणून काय झालं? बांगड्या तुम्ही भरल्यात ना? भरणारीला नमस्कार करायचा असतो. उभ्या राहा नीट!"

दर संक्रांतीला आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला मंडळाच्या बांगड्या रेहानाबींनीच भराव्यात, असे तेव्हाच ठरले. दुकान राहो वा इंदूरला जावे लागो, येईनच, असा रेहानाबींनी होकार दिला. सूचना माझी, अनुमोदन नलिनीकाकूंचे.