प्रायमरच्या आधीचा ठोका

आमच्या शेजारच्या गाळ्यात घासूभाऊ गाड्यांची जुनी अलॉय चाकं रंगासाठी तयार करतात. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. मधे एक पत्र्याची भिंत, नऊ वर्षांची. या शेवटच्या वर्षात मात्र आमचं बोलणं जवळजवळ बंद होतं, आणि रुसले होते मीच, हे आधीच सांगून टाकते.

"भाऊ, चहा घेणार का?" मी दारातून विचारायचे. माणूस पाठ करून बसलेला, मान वळवायचा नाही. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा म्हटलं, गेलात उडत! बायको गेली म्हणून काय सगळ्या जगाशी अबोला धरायचा? माझेही गेलेतच की. मी बोलते ना लोकांशी? चार शब्द जास्तच बोलते.

कामाला मात्र नाव ठेवायला जागा नाही. टायर उतरवायचा, चाकाचा तोल साधायला चिकटवलेली वजनं काढायची, रंग उतरवायचं औषध ब्रशने फासून वर प्लास्टिक झाकायचं. थोड्या वेळात रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो. मग लाकडी पट्टीने खरवडायचा, चाक धुवायचं आणि खाचाखोचांत बोट घालून पॉलिश पेपर मारत बसायचं, कारण ग्राइंडर तिथे पोचत नाही. त्यांच्या बोटांवरच्या रेषा कधीच पुसल्या गेल्यात. शेवटी, प्रायमर म्हणजे रंगाखालचा पहिला हात मारायच्या आधी, चाक दोरीला टांगून लाकडी हातोडीने फिरवत फिरवत ठोकायचं. धड चाक टण्णकन वाजतं. चीर असेल तर नुसतं खट्ट. आधी ठोकलं तर जुना रंग आवाज खातो, आणि नंतर नव्या रंगाखाली चीर झाकून जाते. मशीन चालवता चालवता नऊ वर्षं ते ऐकून माझाही कान तयार झालाय.

दुपारी ते स्टुलावर बसून भिंतीकडे तोंड करून डबा खायचे. रविवारी लेकीचा फोन. इकडून मला एवढंच ऐकू यायचं, "हो. बरं. हो हो. ठेवतो." तिने एकदा मला फोन केला. "मावशी, बाबा माझ्यावर रागावलेत का हो? मी आजारी आहे म्हटलं, तरी बरं बरं म्हणून ठेवून दिला." मी माझ्याच तोऱ्यात. म्हटलं, "स्वभाव, दुसरं काय! म्हातारपणी माणसं अशीच आढ्यतेखोर होतात." जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

मग लेकीच्याच गाडीची चार चाकं आली. जावयाने गाडीला तात्पुरती दुसरी चाकं घालून ही पाठवली होती, आणि गुरुवारी लेक नातीला घेऊन स्वतः न्यायला येणार होती. दीड वर्षांनी. भाऊंनी गाळा झाडला, दोन खुर्च्या विकत आणल्या. एका माणसाला आजवर एक स्टूल पुरत होतं.

मंगळवारी ठोके सुरू झाले. पहिलं, टण्ण. दुसरं, टण्ण. तिसरंही. चौथं, खट्ट.

मी मशीन थांबवलं. म्हटलं, आता पुन्हा ठोकतील. छे! रंगाच्या गनचा फुसफुस आवाज सुरू झाला. मी तशीच धावले. "भाऊ, थांबा!" मागून तीनदा ओरडले, माणूस ढिम्म. शेवटी पुढे जाऊन हात धरला.

"अहो, ते चिरलंय!"

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला.

"चांगलं वाजलं," ते म्हणाले. "तुम्ही तुमची कव्हरं शिवा, ताई. मला माझं काम शिकवू नका."

पण हात ऐकेनात. थिनरच्या फडक्याने त्यांनी ओला प्रायमर पुसला, चाकाला आतून रॉकेल चोळलं, कोरडं केलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. आम्ही दोघं वाकून बघत बसलो. पांढऱ्या पुडीत हळूहळू एक ओली रेघ उमटली. केसाएवढी बारीक, दोन बोटं लांब.

"पोरीला घेऊन ती याच चाकावर घरी गेली असती," ते म्हणाले.

"कधीपासून?" मी तोंड समोर धरून विचारलं.

"दीड वर्ष झालं. आधी उजवा कान, मग डावा. ठोक्याची थरथर हाताला लागते ना, वाटायचं वाजतंय."

"आणि लेकीला सांगितलं नाहीत?"

"तिला कळलं तर ती गाळा बंद करायला लावेल. नेऊन बसवेल स्वतःकडे. तिथे दिवसभर काय भिंतींकडे बघू?"

"इथे काय बघता मग?" माझ्या तोंडून गेलंच.

त्यांना ते कळलं. फक्त म्हणाले, "तिला सांगू नका." आणि मी मूर्खासारखं हो म्हटलं.

बुधवारी ते ओळखीच्या गॅरेजांतून हिंडले. माझी दीड वर्षातली चाकं परत तपासायला पाठवा, म्हणाले. का, ते कुणाला सांगितलं नाही.

गुरुवारी लेक आली. नात गाडीत झोपली होती. भाऊ पाठमोरे बसून तिसऱ्या चाकाला कागद गुंडाळत होते. मी माझ्या दारात. लेक त्यांच्या मागे दोन पावलांवर थांबली आणि वळायची वाट न बघताच बोलू लागली. सगळं बोलणं पाठ करून आली असावी.

"बाबा, आई गेल्यापासून तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. तिच्या शेवटच्या दिवशी मी वेळेवर पोचले नाही, म्हणून ना? रोज मनात तेच येतं. मला शिव्या द्या, पण असं गप्प राहू नका. मला बाबा हवेत हो."

भाऊंनी दोरीची गाठ मारली, उरलेला कागद फाडला. लेक रडायला लागली. ते वळले, ती दिसली, आणि तोंडभर हसले.

"अगं, कधी आलीस? तीन तयार आहेत बघ. चौथं नवंच घ्यावं लागेल."

लेकीचा चेहरा पाहवेना. ती गाडीकडे निघालीच होती. दिलेला शब्द गेला खड्ड्यात! मी तिला आडवी गेले आणि हाताने दोन्ही कान झाकून दाखवले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग त्यांच्याकडे. मग एकदम, "कधीपासून, मावशी?"

"तुझ्या आईच्या पाठोपाठ," मी म्हटलं.

ती परत गेली. वळसा घालून त्यांच्या समोर आली, धुळीतच उकिडवी बसली, त्यांचे रंगाचे दोन्ही हात धरले, आणि मघाचं सगळं पहिल्यापासून, एकेक शब्द सुटा करत, पुन्हा सांगू लागली.