नववीच्या पोराला बाटली कुणी दिली?

कमलआत्या गेल्याचं फोनवर कळलं होतं. पटलं मात्र चौकातल्या फ्लेक्सनं. बारामतीहून येऊन एसटीतून उतरले, तर समोर तिचा फोटो, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि खाली शोकाकुलांच्या रांगेत पहिलं नाव त्या दारू दुकानदाराचं! ज्याच्या दुकानापुढं ती उन्हातान्हात खुर्ची टाकून बसली, तोच शेजारच्या फोटोत तिच्याकडं बघून हात जोडून हसत होता. मी फ्लेक्स टराटरा फाडला. कुणीतरी म्हणालं, “पोरी, मेलेल्या माणसाचा तरी मान ठेव.” तोच ठेवत होते. महिना उलटला, अजून हात शिवशिवतात.

इंदापूर तालुक्यात, निरवांगीच्या वाटेवर आत्याचं सासर. तिचे मालक, आमचे मामा, जाऊन बरीच वर्षं झालेली, डाळिंबाची बाग एकटीच्या जिवावर. समाजकार्याचा तिला मुळीच सोस नव्हता. पण एका दुपारी शेजारच्या हिराकाकीचा नातू, नववीतला, तिला कॅनॉलच्या कडेला पडलेला दिसला. अंगावर शाळेचा गणवेश, तोंडाला दारूचा भपकारा. जरा पुढं कलंडला असता तर... तिनं त्याला ओढत घरी आणला, अंगणात बादलीभर पाण्यानं धुतला आणि ओल्या पातळानंच शाळा गाठली. शाळेत म्हणाले, आवाराबाहेरचं आमच्याकडं येत नाही. ठाण्यात म्हणाले, दुकानाला परवाना आहे. अरे, कायद्यानं बीअरला एकवीस आणि दारूला पंचवीस वर्षं लागतात! परवाना काय मिसरूड न फुटलेल्यांना पाजायचा दिलाय? पण विचारणार कोण? यात्रेचा मांडव दुकानदाराचा, कुस्त्यांची इनामं त्याची. सगळ्या गावाच्या तोंडात त्याचाच पेढा.

मग रोज शाळा सुटायच्या वेळेला आत्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसू लागली. गणवेशातलं पोर दिसलं की एकच सवाल, “कुणाचा रं तू?” पोरगं धूम पळायचं, कारण बापाचं नाव कळलं की संध्याकाळी ती त्याच्या दारात उभी. दुकानदार आधी गोडीनं म्हणाला, “आत्या, धंद्याच्या टायमाला दारात नका बसू.”

“दारात कुठं? मी रस्त्यावर हाय. का रस्ताबी तुज्या लायसनात हाय?”

मी तेव्हा कॉलेजात पत्रकं लिहायचे. तिच्यासाठी एक झोकात लिहून नेलं. पहिल्याच ओळीत ‘युवाशक्तीचा ऱ्हास’. तिनं वाचून चुलीपुढं ठेवलं. “ह्यो ऱ्हास कुटल्या गल्लीत ऱ्हातो गं? सरळ लिव्ह, नववीच्या पोराला बाटली कुणी दिली?” तेवढंच छापलं. गावानं त्याआधी माझं एकही पत्रक वाचलं नव्हतं, हे वाचलं.

शेवटी बायकांच्या सह्यांचा अर्ज गेला आणि दुकानावर बायकांचं मतदान लागलं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. यातली मेख ऐका. पडलेल्या मतांतली निम्मी पुरत नाहीत, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीला लागतात. जी आलीच नाही, तिचं मत न देता दुकानाला. दुकानदाराला हे आमच्याहून पक्कं ठाऊक. मतदानाच्या दिवशी सकाळीच गावात बसगाड्या लागल्या... नरसिंहपूरचं दर्शन, जेवणासह, फुकट! बायका नटूनथटून गेल्या. त्यांत हिराकाकीसुद्धा. का, तर नातवाची दारू सुटावी म्हणून संगमावर नारळ फोडायला!

आम्ही हरलो. परतलेली हिराकाकी प्रसाद घेऊन आली. “कमळे, देवाच्या बशीला न्हाय कसं म्हणायचं गं?”

“देवाची? मग डिझेल कुणी भरलं, काकी?”

काकीनं प्रसाद परत पदरात बांधला. बाहेर दुकानदाराच्या गुलालात नाचणारी पोरं कितवीतली होती, हे सबंध गाव बघत होतं. बघतच होतं! मला त्या बायकांचा संताप आला, अजून येतो. आत्या म्हणाली, “राग धर, पर त्यांच्यावर धरून दुकान न्हाय बंद व्हायचं.” पुन्हा मतदान लगेच मागता येत नव्हतं. तेवढ्या काळात तिनं ग्रामसभेत भांडून ठराव करून घेतला, की यात्रेला दारूवाल्याची देणगी घ्यायची नाही. वर्गणी घरटी काढली. मांडव छोटा झाला, कुस्त्या झाल्याच. मग नव्या मतदानाचा अर्ज गेला, तो मंजूरही झाला. तारीख तेवढी लागायची होती, आणि आत्या बागेत छाटणी करता करता कोसळली. दुकानदाराला वाटलं, सुटलो. म्हणून तो फ्लेक्स.

परवा तारीख लागली. बायका आत्याच्याच ओसरीत जमल्या. भिंतीकडेची तिची लोखंडी कॉट रिकामी. ती तिथं मांडी घालून बसायची आणि कोणी कुणाच्या घरी जायचं ते वाटून द्यायची. सगळ्या जमिनीवर दाटीवाटीनं बसल्या, कॉटला कुणी शिवेना. कुणीतरी डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात हिराकाकी उठली, गुडघ्यावर हात टेकत जाऊन कॉटवर बसली. कॉट करकरली. बायका बघत राहिल्या.

“बगता काय? रडायला का जमलाव?” काकी म्हणाली. “माज्यासंगं बशीत कोण कोण हुत्या, त्यांची घरं मी घेते. बाकीची बोला.”