ग्रेगला वाचून दाखवलेली नावं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. ट्रुगानिना या आमच्या उपनगरातल्या ज्या मराठी बायकांबरोबर दर शनिवारी चहा पिते, त्यांना तर नाहीच — त्यांच्यात मी अडल्यानडल्याला धावून जाणारी म्हणून प्रसिद्ध आहे. धावून जाणारी म्हणे!

या देशात नवी आले तेव्हा मी युनीत अकाउंटिंगचं मास्टर्स करत होते आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला डँडेनॉन्गला भाज्या कापून पाकिटात भरायच्या कारखान्यात शिफ्टला जायचे. माझ्याच लाइनवर शीतल होती, परभणीची. कोर्स कसला, तर हेअरड्रेसिंगचा. केस कापायला शिकायला सातासमुद्रापार? माझ्या कोथरूडच्या नाकाला ते झेपायचंच नाही. ती मोठ्यानं बोलायची, डबा उघडला की टी-रूमभर ठेच्याचा वास, आणि मला म्हणायची ताई. मी काय हिची ताई? इथल्या ट्रेनमध्ये आपल्या भारतीय पोरांना टोळकी गाठून मारत होती, ते दिवस. मला मारणाऱ्यांचा नाही, मार खाणाऱ्यांचा राग यायचा. असल्या लोकांमुळेच आपलं नाव खराब होतं — हो, असंच वाटायचं मला.

मग कापायच्या मशीनमध्ये एका पंजाबी मुलीची दोन बोटं गेली. मशीनवरची हात आत जाऊ न देणारी जाळी महिनाभर निघालेली होती. सगळ्यांना माहीत होतं, सगळे गप्प. शीतल गप्प बसली नाही. रविवारी तिच्या घरी युनियनचा माणूस येणार होता. "ताई, तुमी शिकलेल्या. तुमी आलात की सगळे येतील." मी म्हटलं, बघते.

येणाऱ्यांची नावं तिनं एका कागदावर लिहिली होती — मराठीत. इथे मराठी कोण वाचणार, आपलीच माणसं ना? तो कागद टी-रूममध्ये राहिला आणि आमचा सुपरवायझर ग्रेग तो घेऊन माझ्यापाशी आला. काय आहे हे?

गणपतीची आरती आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्याला काय डोंबल कळणार होतं?

मी वाचून दाखवलं. नऊ नावं. तो लिहून घेत होता आणि मी — मी स्पेलिंगसुद्धा सांगितलं. तो म्हणाला, आम्ही तुम्हाला येऊ देतो आणि तुम्ही इथे भांडणं घेऊन येता. मी मान डोलावली. एवढ्यावर थांबले असते, तर भित्री म्हणून तरी खपले असते. पण मी घाबरले नव्हते हो! त्यानं विचारलंही नव्हतं, आणि मी सांगितलं — हिचा बाप तिकडे लाल बावटेवाला आहे, मोर्चे काढतो, रक्तातच आहे यांच्या. शिवाय ही संध्याकाळी एका हॉटेलात भांडी घासते. विद्यार्थ्यांना तेव्हा आठवड्याला वीसच तास कामाची परवानगी होती, आणि हॉटेलचं तिनंच मला विश्वासानं सांगितलेलं. ग्रेग म्हणाला, "थँक्स मेट. सगळे तुझ्यासारखे असते तर!" आणि मला — शी — मला बरं वाटलं. वर्गात बाईंनी शाबासकी दिल्यासारखं.

त्या नऊजणांना शिफ्ट मिळेनाशी झाली. दोनेक महिन्यांत, वीस तासांच्या वर काम केलं म्हणून, शीतलचा व्हिसा रद्द झाला. कुणी सांगितलं, हे तिला कधीच कळलं नाही. कळलं असतं तर एअरपोर्टला सोडायला तिनं मला बोलावलं असतं का? गाडी माझ्याकडेच होती. रस्ताभर ती रडत होती, घरी काय तोंड दाखवू म्हणत होती. उतरताना माझा हात धरून म्हणाली, "तुमी होतात म्हणून निभावलं बघा."

जपून जा, म्हटलं मी.

परतताना मला हलकं वाटलं. लाज पुढे कित्येक वर्षांनी आली, तिचं कौतुक मी सांगत नाही. त्या दिवशी मी गाडीत रेडिओ लावला आणि घरी येईपर्यंत गाण्याबरोबर गुणगुणत होते.